सतरंज्या कोण उचलतं?

अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचाराच्या, चळवळीचं पुढे काय, या विषयावर प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रं बरीच आली आणि तिखट आली. निम्म्यांच्या शेवटी ‘ताई, तुम्ही स्वतः कुणाला मत देता?’ हे आहेच. ते सांगणार नाही. डेट्रॉइटच्या उत्तरेला, मिशिगनमधल्या मॅकोम काउंटीत, मी निवृत्त होईपर्यंत सार्वजनिक ग्रंथालयात काम केलं. त्या टेबलामागे बसणाऱ्या बाईने आपलं मतदान बोलून दाखवायचं नसतं. बाकी माझी मतं खाली दिसतीलच. ती लपवण्याइतकी मी सोशिक नाही.

रिपब्लिकन पक्ष आणि कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळ एकच ना? मग वेगळी ‘चळवळ’ कशाला म्हणायची?
(निवृत्त शिक्षक, सातारा)

नाही गुरुजी, एक नव्हेत. पक्ष १८५४ चा, लिंकनचा. चळवळ त्याच्याहून शंभर वर्षांनी धाकटी, आणि ती जन्मली तीच मुळी पक्षावर चिडून. १९५३ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष आले आयसेनहॉवर. त्यांनी रूझवेल्टच्या काळातलं सरकारी निवृत्तिवेतन मोडलं नाहीच, उलट आणखी लोकांना लागू केलं. सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा ९१ टक्के कर तसाच ठेवला. मग डेमोक्रॅट आणि आपल्यात फरक काय, असं म्हणणाऱ्या मंडळींना विल्यम बकली नावाच्या, एका तेलवाल्या श्रीमंताच्या मुलाने नोव्हेंबर १९५५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढून दिलं. इतिहासाच्या आडवं उभं राहून ‘थांब’ असं ओरडणं हे आपलं काम, असं त्याने पहिल्याच अंकात जाहीर केलं.

त्या नियतकालिकाभोवती तीन तऱ्हांची माणसं जमली आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. सरकारने बाजारात हात घालू नये म्हणणारे. धर्म, कुटुंब, रूढी यांची वीण उसवू नये म्हणणारे. आणि कम्युनिझमपुढे बाकी सगळं दुय्यम मानणारे. फ्रँक मेयर हा संपादक, जो पूर्वी स्वतः कम्युनिस्ट होता, यांची मोट बांधायचा. दुसऱ्या गटातला मोठा विचारवंत रसेल कर्क आमच्याच राज्यातला, मेकोस्टा नावाच्या लहानशा गावात राहणारा. मोटारीवर पोट भरणाऱ्या मिशिगनमध्ये राहून हा गृहस्थ मोटारगाडीला ‘यांत्रिक जेकोबिन’ म्हणायचा, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतल्या जहालांच्या पंक्तीत बसवायचा. मला तो त्या सगळ्यांत सर्वांत प्रामाणिक वाटतो. गाडीने गावं आणि घरं विस्कटली, हे बाजारवाल्या मित्रांच्या तोंडावर सांगायला धाडस लागतं.

तिघांना बांधणारी दोरी होती सोव्हिएत रशिया. ती १९९१ मध्ये तुटली. पुढची बरीच भांडणं तिथून सुरू होतात.

१९६४ मध्ये गोल्डवॉटर यांचं पानिपत झालं आणि १९८० मध्ये रेगन जिंकले. मधल्या सोळा वर्षांत नेमकं काय झालं? की नुसता लाटेचा खेळ?
(विधी महाविद्यालयाची विद्यार्थिनी, नागपूर)

हा प्रश्न मला सर्वांत आवडला, म्हणून याला जागा जास्त देते.

आधी पानिपताचे आकडे. ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर पन्नासपैकी ६ राज्यं जिंकले: स्वतःचं ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच. डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांना ४८६ इलेक्टोरल मतं, यांना ५२. शहाण्यासुरत्या पत्रकारांनी चळवळीचं श्राद्ध उरकून टाकलं. पण २ कोटी ७० लाख लोकांनी या माणसाला मत दिलं होतं, आणि त्यातल्या पुष्कळांनी पदरचे पैसे.

टेक्सासचा रिचर्ड व्हिगरी नावाचा एक तरुण होता. ५० डॉलरच्या वर देणगी देणाऱ्यांची नावं-पत्ते तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या कार्यालयात कुणालाही पाहायला मिळत. हा तिथं जाऊन बसला आणि गोल्डवॉटर यांच्या देणगीदारांची नावं हाताने उतरवून काढली. साडेबारा हजारांच्या आसपास. त्या वह्यांवर त्याने टपालाने देणग्या मागण्याचा व्यवसाय उभा केला, आणि चळवळीतल्या कितीतरी संस्था पुढे त्याच्या पत्रांवर जगल्या. आपल्याकडे सभा संपल्यावर सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता म्हणतात, तो हा. फक्त याने सतरंज्यांबरोबर त्यावर बसलेल्यांचे पत्तेही गोळा केले.

दुसरी फिलिस श्लॅफ्ली. इलिनॉयमधल्या ऑल्टन गावची, सहा मुलांची आई. स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती १९७२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मंजूर केली. ३८ राज्यांनी होकार दिला की ती लागू होणार होती, आणि पहिली तीस राज्यं तर धावतच आली. श्लॅफ्लीबाईंनी गृहिणी जमवल्या. त्या राज्याच्या विधिमंडळात आमदारांना घरी केलेला पाव आणि जॅमच्या बाटल्या नेऊन द्यायच्या, आणि सोबत ‘विरोधात मत द्या’ अशी चिठ्ठी. ३५ राज्यांवर गाडी अडकली आणि १९८२ मध्ये मुदत संपली. बाई सांगत काय होत्या, तर बायकांची जागा घरात आहे; आणि करत काय होत्या, तर देशभर हिंडत, सभा गाजवत, १९७८ मध्ये कायद्याची पदवी घेत होत्या. त्यांचं म्हणणं मला कधी पटलं नाही. पण समोरच्या बाजूच्या शिकल्यासवरल्या बायका टीव्हीवर बोलत असताना या आमदाराच्या दारात उभ्या होत्या, हे मान्य करायलाच हवं.

१९७३ मध्ये वॉशिंग्टनला हेरिटेज फाउंडेशन निघालं. बिअरवाल्या जोसेफ कूर्स यांनी अडीच लाख डॉलर दिले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात घरपट्टी घराच्या किमतीच्या एका टक्क्यावर बांधून टाकणारा ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव लोकांनी प्रचंड बहुमताने पास केला. पुढच्या वर्षी जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाद्र्याने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली आणि राजकारणाला आतापर्यंत नाक मुरडणारे बॅप्टिस्ट मतदार यादीत नाव घालायला लागले.

एवढ्यावर थांबले तर तुला अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. गोल्डवॉटर यांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं होतं, म्हणून तर दक्षिणेतली ती पाच राज्यं मिळाली. १९५७ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ने दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाची बाजू संपादकीयात उघड घेतली होती. आणि आमचं मॅकोम? १९६० मध्ये इथल्या ६३ टक्के मतदारांनी केनेडींना मत दिलं. सगळे मोटार कारखान्यांतले कामगार, युनियनवाले, कॅथलिक. १९७१ नंतर न्यायालयात प्रश्न आला की डेट्रॉइटची काळी मुलं आणि उपनगरांतली गोरी मुलं बसने एकमेकांच्या शाळांत न्यायची का. सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ‘नाही’ म्हटलं. पण तोवर, १९७२ मध्ये, वर्णद्वेषासाठी देशभर ओळखले जाणारे जॉर्ज वॉलेस मिशिगनची डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होते ती) जिंकून गेले होते. १९८० मध्ये रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं ते डेट्रॉइटमध्ये, आणि १९८४ मध्ये केनेडींच्या मॅकोमने रेगन यांना दोन तृतीयांश मतं दिली. हे का झालं, हे विचारायला डेमोक्रॅट पक्षाने स्टॅनली ग्रीनबर्ग या अभ्यासकाला आमच्याकडेच पाठवलं होतं. उत्तरं ऐकून पक्षाचे नेते हादरले: लोक महागाईबद्दल जेवढं बोलले तेवढंच, किंबहुना जास्त, काळ्यांबद्दल बोलले.

तर लाट होती, याद्या होत्या, जॅम होता आणि रागही होता. यातला एक धागा काढून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

तू कायदा शिकतेस म्हणून आणखी एक. १९८२ मध्ये येल आणि शिकागो विद्यापीठांतल्या थोड्या विद्यार्थ्यांनी, आपल्या वर्गात आपल्या मताचा प्राध्यापकच नाही या तक्रारीतून, ‘फेडरलिस्ट सोसायटी’ काढली. व्याख्यानं, वादविवाद, ओळखीपाळखी. नंतर न्यायाधीश नेमायची वेळ आली की रिपब्लिकन अध्यक्ष याच ओळखींतून नावं उचलू लागले. २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा ४९ वर्षांचा हक्क काढून घेतला, तो निकाल चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या बैठकांपर्यंत मागे नेता येतो.

मुक्त बाजाराचे हे पुजारी आयातशुल्काच्या भिंती कशा काय बांधू लागले? हा विचारांचा पराभव नाही का?
(अर्थशास्त्राचे प्राध्यापक, कोल्हापूर)

सर, रिपब्लिकन पक्ष हा जन्माने आयातशुल्काचाच पक्ष. १८९० चा मॅकिन्ली कायदा त्यांचा, १९३० चा स्मूट-हॉली त्यांचा. मुक्त व्यापाराची दीक्षा त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर घेतली, तीही सोवळ्याने पाळली नाही. १९८१ मध्ये रेगन यांच्या दबावाने जपानने अमेरिकेत पाठवायच्या गाड्या वर्षाला १६ लाख ८० हजारांवर आणल्या. १९८३ मध्ये हार्ले-डेव्हिडसनला वाचवायला ७०० सीसीच्या वरच्या परदेशी मोटरसायकलींवर ४५ टक्के जादा शुल्क बसलं. रेगन भाषणात मुक्त व्यापार बोलत आणि मागच्या दाराने हे करत. ट्रम्प यांनी २ एप्रिल २०२५ ला व्हाइट हाउसच्या अंगणात शुल्कांचा तक्ता हातात धरून तेच उघड केलं.

आमच्याकडे ते लोकप्रिय का झालं हे समजून घ्यायचं तर १९९४ आठवा. मेक्सिकोबरोबरचा नाफ्टा करार लागू झाला. बोलणी केली रिपब्लिकन बुश यांनी, त्याच्या कायद्यावर सही केली डेमोक्रॅट क्लिंटन यांनी, आणि प्रतिनिधिगृहात त्याला डेमोक्रॅटांपेक्षा रिपब्लिकनांची मतं जास्त पडली. कारखान्याला कुलूप लागलं की कामगार ग्रंथालयात यायचा, अर्ज लिहायला आणि संगणक शिकायला. त्याला दोन्ही पक्षांचा राग सारखाच होता. दुपारी बारा वाजता रेडिओवर उजव्यांचे लाडके निवेदक रश लिंबॉ सुरू झाले की बाहेरच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांतून त्यांचा आवाज यायचा. गंमत म्हणजे लिंबॉ तेव्हा मुक्त व्यापाराच्या बाजूने बोलत. श्रोत्यांनी त्यांच्याकडून राग घेतला, अर्थशास्त्र मात्र घेतलं नाही.

विचारांचा पराभव शोधायचा असेल तर मी शुल्कात न शोधता कर्जात शोधेन. सरकारने आपल्या ऐपतीत राहावं, हे या चळवळीचं सर्वांत जुनं वचन. रेगन यांच्या आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज जवळजवळ तिप्पट झालं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ३८ ट्रिलियन डॉलरच्या पुढे गेलं. जुलै २०२५ चा करांचा मोठा कायदा दहा वर्षांत तूट आणखी ३.४ ट्रिलियनने वाढवेल, असं काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने सांगितलं, तरी तो पास झाला. पॉल रायन वगैरे नेते एके काळी ‘मेडिकेअर’ला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याला, कात्री लावायची भाषा धिटाईने करायचे. ट्रम्प यांनी निवृत्तिवेतन आणि मेडिकेअरला हात लावणार नाही असं २०१६ मध्ये सांगितलं, आणि मॅकोममधल्या साठीच्या मतदारांना ते वाक्य सीमेवरच्या भिंतीपेक्षा जास्त भावलं, असं माझं निरीक्षण आहे. त्या वर्षी ते अख्खं मिशिगन जिंकले जेमतेम १०,७०४ मतांनी.

भारताच्या मालावरचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्क्यांवर गेलं तेव्हा तुमच्याकडच्या फाउंड्रीवाल्यांच्या आणि इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांच्या छातीत धस्स झालं असणार. त्यांना मॅकिन्लीचा इतिहास सांगून समाधान होणार नाही, हे कबूल.

मुलगा एच-वन-बी व्हिसावर डॅलसला आहे. हे लोक आमच्या मुलांचे मित्र की शत्रू, एवढंच सांगा.
(एक आई, पुणे)

बाई, दोन्ही आहेत आणि ते आपसात भांडत आहेत. डिसेंबर २०२४ च्या नाताळात हे भांडण सगळ्यांसमोर आलं. चेन्नईत जन्मलेले श्रीराम कृष्णन यांना ट्रम्प यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचे सल्लागार नेमलं आणि ट्रम्प-समर्थकांतल्याच एका गटाने हलकल्लोळ केला. मस्क आणि विवेक रामस्वामी व्हिसाच्या बाजूने उतरले. रामस्वामींनी तर अमेरिकन संस्कृती गणितात चमकणाऱ्या पोरापेक्षा शाळेतल्या नृत्याच्या राणीचं कौतुक जास्त करते, असं लिहून आणखी शत्रू करून घेतले. ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन दुसऱ्या बाजूला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क लागलं, त्यावरून त्या फेरीत कोण जिंकलं ते दिसतं. मुलाच्या बाबतीत नियम कसे लागू होतात हे त्याने वकिलालाच विचारावं. मासिकातून मी काही सांगणं बरं नव्हे.

रेगन यांनी १९८६ मध्ये कायदा करून सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर केलं होतं. आज रिपब्लिकन सभेत कुणी हे वाक्य उच्चारलं तर त्याला रेगन कोण हे समजावून सांगावं लागेल.

इथल्या आपल्या लोकांतही उजवीकडे झुकणारे आहेत. कर कमी हवे, मुलं शिस्तीत वाढावीत, घरात आईवडिलांचा मान राहावा. हे सगळं ऐकायला आपलंच वाटतं. मात्र या घराच्या मधल्या खोलीत येशू आहे, हे विसरून चालत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उपाध्यक्ष व्हॅन्स यांनी भरसभेत सांगितलं की आपल्या हिंदू घरात वाढलेल्या पत्नीने कधीतरी ख्रिस्ती श्रद्धेकडे यावं अशी आपली इच्छा आहे. त्याच महिन्यात एफबीआयचे संचालक काश पटेल यांनी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या तर खाली शिव्यांचा पाऊस पडला, तोही स्वतःच्याच बाजूच्या लोकांचा. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार इथूनच, डेट्रॉइटमधून, काँग्रेसमध्ये निवडून गेले, पण ते डेमोक्रॅट. रिपब्लिकन तिकिटावर तिथं पोचणारं मराठी नाव अजून यायचं आहे.

ट्रम्प यांच्यानंतर कोण?
(वाचक, जळगाव)

व्हॅन्स पुढे आहेत. पण १९६४ नंतर लगेच कुणी ‘रेगन’ म्हटलं असतं तर लोक हसले असते, तेव्हा ते सिनेनट होते. या खेळात मी पैसे लावत नाही.

ट्रम्प-पूर्व कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराचं पुनरुज्जीवन होऊ शकतं का? करणार कोण?
(पत्रकार, मुंबई)

रिपब्लिकन पक्षाने स्वतःच्या पुनरुज्जीवनाची रीतसर योजना एकदा केली होती. २०१२ मध्ये त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार रॉम्नी हरले. मार्च २०१३ मध्ये पक्षाने शंभरेक पानांचा अहवाल काढला. सगळे त्याला ‘शवविच्छेदन’ म्हणत. निष्कर्ष असा की स्थलांतरितांशी गोड बोला, लॅटिनो मतदारांना जवळ करा, नाहीतर संपलात. दोन वर्षांनी ट्रम्प आले आणि त्यांनी अहवालातल्या प्रत्येक सल्ल्याच्या उलट केलं. २०१६ मध्ये जिंकले. आणि २०२४ मध्ये टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी, जिथं जवळजवळ सगळे लॅटिनो, १८९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन झाली. आमच्या शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये, जिथं अरब वस्ती निम्म्याहून जास्त, ट्रम्प पहिले आले. त्यामुळे कुणी अहवालाची प्रत घेऊन भविष्य सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठते.

जुन्या विचाराचे लोक आहेत. ‘नॅशनल रिव्ह्यू’ने २०१६ च्या सुरुवातीला ट्रम्प यांच्याविरुद्ध अख्खा अंक काढला, वाचक मतदान करून आले ट्रम्प यांना. त्याच विचाराचं ‘वीकली स्टँडर्ड’ हे नियतकालिक डिसेंबर २०१८ मध्ये बंद पडलं. आमच्याच ग्रँड रॅपिड्सचे जस्टिन अमॅश, घटनेचा शब्दन्‌शब्द मानणारा खासदार, ४ जुलै २०१९ ला पक्ष सोडून गेले. ट्रम्प यांना विरोध करणाऱ्या खासदार लिझ चेनी २०२२ मध्ये वायोमिंगच्या प्राथमिक निवडणुकीत ३७ टक्क्यांच्या फरकाने पडल्या. यांच्याकडे चांगलं गद्य आहे, देणगीदार आहेत, पॉडकास्ट आहेत. व्हिगरीची वही नाही. मॅकोममध्ये कुणाचं दार वाजवायचं हे यांना ठाऊक नाही, आणि वाजवायची हौसही दिसत नाही.

सतरंज्या आज उचलतंय कोण? चार्ली कर्क यांनी १८ व्या वर्षी, २०१२ मध्ये, ‘टर्निंग पॉइंट’ ही तरुणांची संघटना काढली आणि कॉलेजाकॉलेजांत टेबल मांडून बसले. सप्टेंबर २०२५ मध्ये युटाच्या एका विद्यापीठात तशाच कार्यक्रमात त्यांचा खून झाला, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. २०२१ मध्ये फ्लोरिडात ‘मॉम्स फॉर लिबर्टी’ निघाली. शाळा मंडळांच्या ज्या निवडणुकांना कुत्रं फिरकत नसे, त्या त्यांनी लढवल्या. ग्रंथालयाच्या टेबलावर हातात यादी घेऊन ‘ही पुस्तकं काढा’ म्हणत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यातल्या काहींनी यादीतलं एकही पान वाचलेलं नव्हतं, आणि मी त्यांच्याशी हवं तेवढं गोड बोलले नाही. पण प्रत्येक बैठकीला वेळेवर येत त्या. खासगी शाळेच्या फीसाठी सरकारने पालकांना पैसे द्यावेत, ही मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडलेली कल्पना. ती ॲरिझोनाने २०२२ मध्ये सगळ्या मुलांना लागू केली आणि टेक्सासने २०२५ मध्ये तसा कायदा केला. जुन्या चळवळीचा एखादा मोठा मुद्दा आज खरंच पुढे सरकत असेल तर तो हा, आणि तो राज्यांच्या राजधान्यांत सरकतोय. वॉशिंग्टनच्या बातम्यांत तो दिसणार नाही.

आता दाराचा प्रश्न, म्हणजे कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हा. १९६२ मध्ये बकली यांनी जॉन बर्च सोसायटी या कडव्या कम्युनिस्टविरोधी संघटनेच्या म्होरक्याला, जो आयसेनहॉवर यांनाच कम्युनिस्टांचा हस्तक म्हणत होता, ‘नॅशनल रिव्ह्यू’तून जाहीर बाहेर काढलं. एका नियतकालिकाला तेव्हा असं दार लावता येत होतं. आमच्या बाजूच्या रॉयल ओकमध्ये फादर कॉग्लिन नावाचा पाद्री होता. १९३० च्या दशकात रेडिओवर लाखो लोक त्याला ऐकत. आधी गरिबांची बाजू घेत होता, मग ज्यूंच्या द्वेषावर घसरला. १९४२ मध्ये त्याच्या वरिष्ठांनी त्याला गप्प बसवलं आणि तो बसला. ऑक्टोबर २०२५ मध्ये टकर कार्लसन या उजव्या बाजूच्या लोकप्रिय निवेदकाने निक फुएंटेस या उघड ज्यूद्वेष्ट्याला आपल्या कार्यक्रमात बसवून गप्पा मारल्या. हेरिटेज फाउंडेशनचे अध्यक्ष केव्हिन रॉबर्ट्स कार्लसन यांच्या पाठीशी उभे राहिले. संस्थेत बंड झालं, कर्मचाऱ्यांनी राजीनामे दिले, प्रिन्स्टनचे प्राध्यापक रॉबर्ट जॉर्ज विश्वस्त मंडळातून बाहेर पडले, आणि डिसेंबरात माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या संस्थेने बाहेर पडलेल्या बऱ्याच जणांना घेतलं. कार्लसन यांचा श्रोता मात्र होता तिथंच आहे. त्याच्यावर ना बिशप, ना संपादक.

म्हणून माझा अंदाज असा. रेगन यांची ती तिहेरी मोट पुन्हा बांधली जाणार नाही. ती बांधणारा शत्रूच उरलेला नाही, आणि चीनला ती जागा देण्याचे प्रयत्न मोटारीचे किती सुटे भाग तिथूनच येतात हे मोजता मोजता थकतात. तुकडे मात्र जगतील. न्यायालयांतला तुकडा सर्वांत दणकट, कारण न्यायाधीश आजन्म असतात. गर्भपाताच्या मुद्द्यावर जिंकल्यावर काय करायचं हे त्यांना कळलेलं नाही: कान्ससमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये ५९ टक्क्यांनी, आणि मिशिगनमध्ये त्याच नोव्हेंबरात ५७ टक्क्यांच्या आसपास, लोकांनी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने कौल दिला, आणि २०२४ च्या जाहीरनाम्यातून पक्षाने देशव्यापी बंदीची मागणी गुपचूप गाळली. ट्रम्प यांचं नाव मतपत्रिकेवर नसलं की त्यांचा मतदार घरी बसतो, हे २०१८ मध्ये दिसलं, २०२२ मध्ये दिसलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीत डेमोक्रॅट गव्हर्नर निवडून आल्या तेव्हा पुन्हा दिसलं. अशा दोन-तीन निवडणुका सणसणीत हरल्यावर कुणीतरी वह्या घेऊन बसेल. तो पेन्स यांच्या बाजूचा असेल की चार्ली कर्क यांच्या, यावर पुढचं सगळं अवलंबून. आज विचाराल तर कर्क यांच्या बाजूकडे पोरं जास्त आहेत.

नात मिशिगनमध्येच कॉलेजात आहे. यंदा सुट्टीत आली तर म्हणाली, ‘आजी, मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे.’ घरात सगळे गप्प झाले. काळजी करू का?
(आजी, ठाणे)

आजी, तुमच्या घरात चार पिढ्यांचे देव आणि लोणच्याच्या बरण्या असतील, तर तिने नवीन काय सांगितलं? काळजी नको. तिला एवढंच विचारा की कोणत्या गटाची: कर कमी हवे म्हणणाऱ्या, चर्चवाल्या, की ‘परदेशी लोक नकोत’ म्हणणाऱ्या. तिसरं उत्तर आलं तर तिच्या बापाचा व्हिसा कोणत्या वर्षाचा होता तेही विचारा.

आणि ती हिल्सडेल कॉलेजात आहे का, ते पाहा. ते आमच्या राज्याच्या दक्षिण टोकाला आहे, १८४४ मध्ये गुलामगिरीविरोधी बॅप्टिस्टांनी काढलेलं. केंद्र सरकारचा एक डॉलर घेत नाही, विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जासकट. ग्रीक, लॅटिन, घटना, सगळं घासून शिकवतात. विचाराने उजवे आहेत पण आळशी नाहीत. ‘इम्प्रिमिस’ नावाचं त्यांचं छोटं पत्रक आहे, मागेल त्याला फुकट पाठवतात, आमच्या ग्रंथालयातही यायचं. वाचून झाली की तिच्याकडून सुट्टीत चार-पाच जुनी पत्रकं मागवून घ्या. सही न केलेला लेख त्यात नसतो, त्यामुळे कुणावर चिडायचं ते लगेच कळतं आणि नातीशी भांडायला विषय मिळतो.